पट्ट्यावरचा पाट

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाई उगाच कांगावा करतेय असं पुढे कोणी म्हणायला नको. पाल दिसली तरी मी पलंगावर चढते. दाभोळच्या फेरीबोटीत सगळे गाडीत बसून गप्पा मारतात, मी मात्र उतरून कठडा धरून उभी राहते. ब्रेक सुटून गाडी पाण्यात गेली तर, हे माझ्या डोक्यातून जात नाही. नवरा हसतो. "फिजिक्स शिकवतेस आणि ब्रेकवर विश्वास नाही?" मी म्हणते, फिजिक्स शिकवते म्हणूनच नाही.

रत्नागिरीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी अकरावी-बारावीला शिकवते. सासर आंबेवाल्यांचं. शहरापासून जरा आत, कातळसड्याच्या उतारावर आमची कलमं, घर आणि घरामागे आंबे भरायची शेड. ही शेड खाली आणि रस्ता वर. आमच्याकडे बहुतेक सगळंच कशाच्या तरी खाली नाहीतर वर असतं. आंब्यांनी भरलेले क्रेट डोक्यावर घेऊन माणसं त्या चढणीवरून टेम्पोपर्यंत जायची, आणि दर हंगामात कोणाची ना कोणाची कंबर धरायची. एका वर्षी खुद्द नवऱ्याची धरली. तेव्हा तो घाटावर कुठेतरी जाऊन कन्व्हेअर बघून आला.

शेडमध्ये सगळे त्याला पट्टा म्हणायला लागले. काळा, गुळगुळीत रबराचा पट्टा. आधी सात-आठ हात सपाट, मग तिरपा चढत थेट रस्त्याच्या पातळीला. वर टेम्पो उलटा लावायचा आणि पट्ट्याच्या टोकावरून येणारा क्रेट माणसानं उचलून आत घ्यायचा. टेम्पो नसेल तर टोक आणि रस्त्याची कड यांच्यामधे नुसती मोकळी जागा. पुरुषभर खोल, खाली सिमेंट.

ते टोक बघूनच मी दोन पावलं मागे सरकले होते.

बसवायला वायरमन आला. शेडमध्ये आंबे धुवायचं पाणी असतं, म्हणून त्यानं मोटरीचा स्टार्टर बाजूच्या पंपाच्या खोलीत लावला. मधे जांभ्या दगडाची जाड भिंत. मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, पट्ट्याजवळ बंद करायचं बटण हवं. काही झालं तर माणूस भिंतीपलीकडे धावत जाणार का?"

"येतंय गं ते बटण. पुढच्या आठवड्यात."

"मग पट्टाही पुढच्या आठवड्यात लाव."

"तुझ्या हिशेबानं चाललो तर आंबे झाडावरच पिकतील."

त्या दिवशी पट्टा रिकामाच फिरवून बघितला. मग नवऱ्यानं फिरत्या पट्ट्यावर एक क्रेट ठेवला. मी इतकी वर्षं फळ्यावर काढत आलेलं चित्र पहिल्यांदाच डोळ्यांसमोर बघत होते. क्रेट क्षणभर जागच्या जागी राहिला, खालून पट्टा सटकला, आणि मग पट्ट्यानं त्याला धरलं. धरलं ते धरलंच, वरपर्यंत सोडलं नाही.

वर्गात हेच समजावताना माझा घसा कोरडा पडतो. घर्षण म्हणजे ब्रेक, असं मुलांच्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं. घर्षण वस्तूला थांबवतं, बस्स. मी सांगते, नाही रे बाबांनो, इथे वस्तूला पुढे नेणारं दुसरं आहेच कोण? ना कोणी ढकलतंय, ना कोणी ओढतंय. पट्टा पुढे पळतोय आणि वस्तू मागे राहतेय, हे जे एकमेकांवरून घसरणं आहे, तेवढंच घर्षणाला खपत नाही. म्हणून ते वस्तूला पुढे रेटतं, तिचा वेग पट्ट्याएवढा होईपर्यंत. दोघांचा वेग सारखा झाला की भांडण मिटलं.

नवऱ्याला चेव आला होता. त्यानं पट्टा बंद करायला लावून त्यावर पाण्याचा तांब्या उभा ठेवला आणि वायरमनला हाक मारली, "लाव!" पट्टा सुरू झाला, तांब्याचं बूड पुढे गेलं आणि तांब्या मागच्या मागे आडवा. बस झटक्यानं सुटली की उभी माणसं पडतात तसा. सगळे हसले. मी हसले नाही. माझ्या कडेवर माझी मुलगी होती, नुकती आधाराशिवाय बसायला लागलेली. मी तिला घेऊन घरात गेले.

आता सासूबाईंबद्दल. त्यांना मी आई म्हणते. आमचं भांडण नाही, पण चकमक रोजची. त्या मला "मास्तरीणबाई" म्हणतात आणि मी त्यांना तोंडावर काही म्हणत नाही. मुलगी झाल्यावर तिचं न्हाऊ-माखू सगळं त्यांच्याकडे. सकाळी पाय पसरून बसायचं, पोरीला पायांवर आडवं घ्यायचं आणि खोबरेल तेलानं चोळायचं. मी बाजूला उभी राहून "हळू हो, आई" म्हणत राहायची आणि त्या अजिबात हळू करायच्या नाहीत. पोर मात्र मजेत असायची.

पट्ट्याची पूजा करायची ठरली. शेडमध्ये काम करणाऱ्या वाडीतल्या बायका, शेजारपाजारचे, आणि गाऱ्हाणं घालायला वाडीतले एक म्हातारे बाबा. आमच्याकडे कुठलंही नवं काम देवाच्या कानावर घातल्याशिवाय सुरू होत नाही. बाबा एकेक मागणं मोठ्यानं सांगतात आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी हात जोडून "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. शेवटचं सगळ्यांत जोरात. नवऱ्यानं वायरमनला पंपाच्या खोलीत उभं केलं होतं. "भिंतीपलीकडून तुला दिसणार नाही काही. पण शेवटचं 'व्हय म्हाराजा' असं दणकून होईल की कळेलच. ते झालं रे झालं की बटण दाब." मला ही कल्पना तेव्हा छानच वाटली होती. देवानं हो म्हणायचं आणि पट्टा चालू व्हायचा.

पूजेआधी मी शेडमध्ये गेले तर आई पट्ट्याला तेल लावत होत्या. वाटीभर खोबरेल घेऊन, तळव्यानं, पोरीला चोळतात तसं. सपाट भाग झाला होता आणि हात पोचेल तेवढा चढही झाला होता.

"अगं बाई! आई, अहो हे काय?"

"तेल. नव्या जिवाला आधी तेल, मग पाणी. तुझ्या लेकीला नाही लावलं?"

"ती तुमची नात आहे. हे रबर आहे!"

"रबर तर रबर. आपल्यासाठी राबणार आहे ना?"

वर नारळही तिथेच फोडला होता कोणीतरी, त्याचं पाणी पसरलेलं. मी कपाळावर हात मारला. अहो, पट्टा चालतो तो घर्षणावर. तेल लावलं की क्रेट चढावरून घसरून बायकांच्या अंगावर येतील. मी फडकं आणि साबणाचं पाणी घेतलं आणि घासायला लागले. घसरायची भीती चढावर, म्हणून आधी चढ. पट्टा असा लख्ख कोरडा केला की हात फिरवला तर करकर वाजेल. मग खाली सपाट भागाकडे वळले, तेवढ्यात आईंनी फडकंच ओढून घेतलं.

"पुरे हां! देवाचं तेल पुसून काढतेस? राहू दे तेवढं तरी."

"आई, घसरेल."

"घसरू दे. तू जा, शिरा बघ. करपवशील तो."

मला राग आला. पण माणसं यायला लागली होती, आणि पूजेच्या दिवशी सासू-सुनेचा तमाशा नको म्हणून मी वाडीतल्या एकीच्या कडेवर असलेल्या मुलीला त्यांच्याकडे दिलं आणि घरात गेले. शिरा खरंच करपत आला होता.

आमच्याकडे नवं काही आलं की त्याच्यावर आधी घरातलं लहान मूल बसवतात. झोपाळा आला की बसवतात, गाडी आली की स्टिअरिंगपुढे बसवतात. लहान मुलाचा पाय लागला की वस्तू लाभते म्हणे. मी हेदवीची, माहेरीही हेच बघत मोठी झाले. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं, पण आलं नाही.

गाऱ्हाण्याचा आवाज घरापर्यंत येत होता. "बा देवा म्हाराजा, आज तुज्या ह्या लेकरांनी नवीन यंत्र उभं केलंय, त्याला यश दे म्हाराजा!" आणि मग सगळ्यांचं "व्हय म्हाराजा!" मी शिऱ्याचं ताट घेऊन निघाले. "काम करणाऱ्या हातापायांची राखण कर म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" शेडच्या दारात आले. उजेडातून आत आल्यामुळे आधी नीट दिसेना. मग दिसलं.

पूजेचा लाकडी पाट पट्ट्याच्या सपाट भागावर ठेवलेला होता आणि पाटावर माझी मुलगी बसली होती. कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ, माळेचं फूल तोंडात. शेजारी आई उभ्या. त्यांचा एक हात तिच्या पाठीला होता. मला ताट खाली ठेवायचं होतं, "आई, आधी तिला उचला" म्हणायचं होतं. बाबांचा आवाज चढला. "पोराबाळांस्नी सुखात ठेव म्हाराजा!"

आणि आईंनी पाठीवरचा हात काढून हात जोडले. सगळ्यांनीच जोडले. हात न जोडता "व्हय म्हाराजा" कोण म्हणतं?

"व्हय म्हाराजा!!"

मोटर घुरघुरली.

त्यानंतरचं सगळं किती वेळात झालं ते मला विचारू नका. पाणी पिऊन होणार नाही एवढ्या वेळात झालं असेल. पण मला त्यातला कण न् कण आठवतो.

पहिला विचार आला तो तांब्याचा. आता पट्टा पाटाला हिसका देणार, पोर मागच्या मागे पडणार, डोकं आपटणार. पण हिसका बसला नाही. पाटाखालून पट्टा सरसर पुढे निघाला आणि पाट जरा मागे रेंगाळला, मग हळूच, अगदी मायेनं म्हणावं असा, पुढे सरकायला लागला. पोर डुलली, पण पडली नाही. हसली. तिला वाटलं हा झोपाळाच आहे. आईंचे हात अजून जोडलेलेच होते आणि त्यांच्या जोडलेल्या हातांसमोरून त्यांची नात निघून गेली.

माझ्या हातातलं ताट पडलं. मी ओरडले, "बंद करा! बंद करा रे!" सगळेच ओरडायला लागले. मोटरीचा आवाज, माणसांचा आवाज, आणि भिंतीपलीकडे वायरमन. त्याला हा पट्टा चालू झाल्याचा जल्लोष वाटला. नवरा पंपाच्या खोलीकडे धावला, पण दारापाशी माणसांची ही गर्दी. मी पट्ट्याकडे धावले. मधे पूजेचं टेबल, खुर्च्या, शिऱ्यात माझाच पाय. पाट सपाट भाग संपवून चढाला लागला. वर ते टोक होतं. टेम्पो आलेला नव्हता. टोकापलीकडे नुसता उजेड दिसत होता.

आणि चढाच्या पायथ्याशी पाट अडला.

पुढची कड वर उचलल्यासारखा तिरका झाला, थरथरला आणि तिथेच राहिला. खालून पट्टा जातोय, जातोय, आणि पाट जागच्या जागी. माझ्या डोक्यात एकच शब्द आला, तेल. पाटाखाली तेल आहे. चढावर त्याला धरून ठेवायला घर्षण पुरत नाहीये. आणि लगेच दुसरा विचार आला, त्यानं माझ्या पाचावर धारण बसली. पट्टा हा गोल फिरणारा. तेल लावलंय ते वरच्या बाजूच्या थोड्याच भागाला. खालची बाजू कोरडी आहे आणि ती आता फिरून वर येतेय. पाटाच्या मागे तेलकट पट्टा आता दोन-तीन हातच उरला होता. तो संपला की कोरडा पट्टा पाटाखाली येणार, आणि कोरडा पट्टा सोडणार नाही.

मला दिसत होता तो. खरंच दिसत होता. चमकणारा पट्टा पुढे सरकत होता आणि त्याच्यामागून निस्तेज, काळा पट्टा येत होता. मी टेबल ढकललं, कोणाला तरी कोपरानं बाजूला केलं, पट्ट्याच्या कडेच्या लोखंडी पट्टीवर पोट टेकून वाकले आणि हातात येईल ते धरलं. झबलं आलं, माळ आली, एक दंड आला. ओढली. ती माझ्या छातीवर आली त्याच क्षणी पाटाला हिसका बसला.

पाट सरळ वर गेला. डगमगला नाही, रेंगाळला नाही. टोकापर्यंत पोचला, पुढे झुकला आणि दिसेनासा झाला. मग खालून आवाज आला.

पोर तोपर्यंत हसत होती. त्या आवाजानं दचकून रडायला लागली. मी मटकन खाली बसले. कोणीतरी तिला माझ्याकडून घ्यायला बघत होतं, मला पाणी देत होतं, मी कोणालाही जवळ येऊ दिलं नाही.

नवरा अजून गर्दीतच होता; चाचणी पुरे झाली समजून पलीकडून पट्टा बंद झाला. पंपाच्या खोलीतून वायरमन हसत बाहेर आला. "कसा चालला? एकदम स्मूथ ना?" नवरा त्याच्या अंगावरच जाणार होता, बाबांनी धरला. वायरमनची काय चूक? त्याला सांगितलं तेच त्यानं केलं. काय झालं ते कळल्यावर तो बिचारा तिथेच उकिडवा बसला आणि त्यानं तोंडावर रुमाल धरला. मग नवरा एकटाच टोकाखाली गेला आणि पाट घेऊन आला. सागवानी पाट, मधोमध दुभंगलेला. त्यानं ते दोन तुकडे माझ्यापासून लपवायचा प्रयत्न केला, पण मी बघितले.

आई जिथल्या तिथे उभ्या होत्या. हात जोडलेले. मी त्यांना जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. "तुम्ही हात सोडलातच कसा?" हे मात्र बोलले, सगळ्यांसमोर, पुन्हापुन्हा.

मग हंगाम सुरू झाला. बंद करायचं बटण त्याच आठवड्यात आलं, लाल, थाळीएवढं. पट्टा चालू झाला, क्रेट जायला लागले, टेम्पो भरायला लागले. सगळं सुरळीत. फक्त मी सुरळीत नव्हते. मोटर घुरघुरली की मी हातातलं काम टाकायची. मुलगी झोपलेली असली तरी मी जाऊन बघायची की ती पलंगावरच आहे ना. भांडं पडलं की मला सिमेंटवर पडलेला पाट ऐकू यायचा. आणि मी आईंकडे मुलीला देत नव्हते. कॉलेजला जाताना शेजारच्या काकूंना बोलावून घ्यायची. हा राग होता असं सगळ्यांना वाटायचं. राग थोडा होता. बाकी सगळी भीतीच होती.

आईंनीही तिला मागितलं नाही. पोर रांगत त्यांच्याकडे जायची, पदर ओढायची, हात वर करायची. त्या म्हणायच्या, "आईकडे जा हां, बाय." आणि स्वतः उठून दुसऱ्या खोलीत जायच्या. न्हाऊ-माखू मी करायला लागले. मला ते धड जमत नव्हतं. पोर रडायची आणि भिंतीपलीकडे आईंची हालचाल थांबायची. त्या उभ्या राहून ऐकताहेत हे मला कळायचं. तरी मी हाक मारली नाही.

एप्रिलमध्ये सीईटीच्या मुलांचे जादा तास असतात. त्यात घर्षणाची उजळणी आली. फळ्यावर पट्टा काढला, त्यावर पेटी काढली, बाण काढायला गेले आणि खडू तुटला. मुलं हसली. मी पुढे शिकवत राहिले. एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, पट्ट्याला तेल असेल तर?"

"तर पेटी हळूहळू वेग घेईल. हिसका बसणार नाही."

"आणि चढ असेल तर?"

"चढ असेल तर चढणारच नाही. पट्टा खालून जात राहील आणि पेटी..."

मी थांबले. फळ्यावर सपाट भाग होता, चढ होता, आणि माझ्या हातात डस्टर होतं. चढ मी पुसला होता. सपाट भाग पुसायचा राहिला होता. पुसायचा राहिला होता म्हणण्यापेक्षा, पुसू दिला नव्हता. मी चांगली घासणार होते तो. करकर वाजेपर्यंत. आणि नेमका तिथेच त्यांनी पाट ठेवला होता. तो कोरडा असता तर पोर पहिल्या हिसक्यालाच मागे पडली असती, आणि पाट कुठेही न अडता तिला घेऊन वर गेला असता. मी टेबलापर्यंत पोचायच्या आत.

मी वर्ग सोडून बाहेर आले. जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. त्या दिवशी शेडमध्ये मी जेवढी घाबरले नव्हते तेवढी तिथे घाबरले. शेडमध्ये निदान धावायला जागा होती.

घरी आले तेव्हा आई मागच्या पडवीत ओले काजूगर सोलत बसल्या होत्या. काजूच्या चिकानं हात भाजतात म्हणून शेजारी खोबरेलाची वाटी. मी मुलीला घेऊन त्यांच्यासमोर बसले. त्या उठायला लागल्या.

"बसा, आई. मला सांगायचंय काहीतरी."

मी सगळं सांगितलं. हिसका का बसला नाही, पाट का अडला, कोरडा पट्टा आला तेव्हा काय झालं. हातानं दाखवून सांगितलं, वर्गात सांगते तसं. त्यांनी एकही काजूगर सोलला नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे तेलामुळे?"

"तेलामुळे."

"आणि तू ते पुसत होतीस."

"हो."

"मी फडकं ओढून घेतलं."

"हो, आई."

त्यांनी खोबरेलाची वाटी जवळ ओढली. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, "आणि ओढून घेतलं नसतं तर गो?"

मला उत्तर माहीत होतं. फळ्यावर मांडून दाखवलं असतं. आमच्या दोघींच्या मधे ती बसली होती, काजूच्या सालांशी खेळायला बघत होती, आणि आम्ही दोघी तिच्याकडे बघत होतो. दोघीही घाबरलेल्या. इतके दिवस एकाच घरात, एकाच गोष्टीला घाबरून, भिंतीच्या दोन बाजूंना बसलो होतो.

"तुला अडवायला मी तरी होते," आई म्हणाल्या. "मला अडवायला कोणी नव्हतं. तिला बसवलं ते मीच. हात सोडला तोही मीच. तू काहीही सांग, ते काही पुसलं जात नाही." आणि त्या रडायला लागल्या. त्यांना रडताना मी त्याआधी बघितलं नव्हतं.

मी मुलीला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"अगं थांब, हाताला चीक आहे माझ्या! भाजेल तिला!" त्या एकदम ओरडल्या. तिला माझ्याकडे परत लोटून मोरीवर धावल्या, साबणानं हात घासले, पुन्हा घासले, पदराला पुसत परत आल्या आणि पाय पसरून बसल्या. "दे. आंघोळ घातलीस का आज? बघ कशी कोरडी ठाक झाल्ये पोर. मास्तरीणबाई, तेल तरी लावायचं." वाटीतल्या तेलाला चिकाचा हात लागलेला, म्हणून दुसरी वाटी आणायला मलाच पिटाळलं. त्यांनी तेल लावलं ते एका हातानं. दुसऱ्या हाताची मूठ तिच्या दंडाभोवती होती. मी बाजूला उभी होते, पण "हळू हो" म्हणाले नाही.

पुढच्या हंगामाला पुन्हा पूजा झाली. मी नको म्हणत होते, नवराही कचरत होता. आईच म्हणाल्या, करायची. पट्ट्याला त्यांनी तेल लावलं नाही, मी फडकं घेतलं नाही. लाल बटणापाशी नवरा स्वतः उभा राहिला. मुलगी आता पळत होती, पण आईंनी तिला कडेवर घट्ट धरलं होतं आणि ती सुटायला धडपडत होती.

बाबांनी गाऱ्हाणं घातलं. "पोराबाळांस्नी सुखात ठेव म्हाराजा!"

सगळ्यांनी हात जोडले. आई सगळ्यांपेक्षा मोठ्यानं "व्हय म्हाराजा" म्हणाल्या, इतक्या मोठ्यानं की आवाज फाटला. पण त्यांनी हात जोडले नाहीत. त्यांचे दोन्ही हात तिच्याभोवती होते.

माझेही जोडलेले नव्हते. मी तिचा पाय धरला होता.